पाणवठ्यावरची आवक-जावक

वैशाखी पौर्णिमा. भत्ता अडीच रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि बरुआसागरच्या पुढच्या राखीव जंगलातला वनरक्षक. पत्नीचे नाव यादीत नव्हते. "मोजायला बसलात की जेवण विसराल," म्हणून ती डबा घेऊन आली होती.

उन्हाळ्यात जंगलात एकाच कुंडाला पाणी उरे. तिथे येणारी मोठी जनावरे आणि माणसे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत मोजायची होती. मी झाशीच्या रेल्वे यार्डात मालडब्यांचे नंबर टिपत असे. अक्षर नीट, म्हणून जंगल खात्याने मला मागून घेतले.

वनरक्षकाने गावातून चार आण्यांचे दूध आणून चहा केला आणि पहिल्या घोटालाच सांगून टाकले, "तीस से कम जानवर निकले तो चौकी उठ जाएगी, बाबूजी. बुढ़ापे में कहाँ जाऊँ?" आम्ही बसलो होतो त्या मचाणाखालची त्याची खोली, तिच्यापुढची तुळस, सगळे अकरा वर्षांचे होते.

पहाटे नीलगाई आल्या, मग चितळ. आठ वाजता डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका आल्या. त्यांतली एक खालून ओरडली, "हमें भी लिख रहे हो का, बाबूजी?"

"सबको लिखते हैं," मी म्हणालो.

"तो दो बार लिखियो. लौटेंगे भी इतै से!"

सगळ्या हसल्या. पत्नीही हसली. चारपर्यंत लाकूडफाट्याची ये-जा चालूच राहिली आणि एकही जनावर फिरकले नाही. पावणेपाचला पहिले सांबर आले.

सूर्यास्ताला मी बेरीज केली. जनावरे शेहेचाळीस. वनरक्षकाने हात जोडले. पत्नीने वही ओढून घेतली.

"अहो, हे आवक-जावक काय?"

"आलेली आणि गेलेली."

"आलेलीच गेली ना? ती बाई थट्टेत म्हणाली, ते तुम्ही खरंच केलंत! ही काय मालगाडी आहे?"

यार्डात आलेला डबा हे एक काम, गेलेला डबा हे दुसरे. दिवसाची बेरीज दोन्हींची. सतरा वर्षांची सवय. खरा आकडा तेवीस.

वनरक्षक हलकेच म्हणाला, "भाभीजी, छियालीस ही रहने दो न."

मी तेवीस लिहिले. त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात पत्नीने वेळांच्या रकान्यावर बोट ठेवले. "आठ ते चार माणसंच माणसं, जनावर शून्य. हेही लिहा की. आकडा खोटा नको, पण अर्धाही नको."

मी वेगळा कागद जोडला: माणसे एकतीस, त्यांची वेळ, जनावरांची वेळ. खाली लिहिले, 'जनावरे कमी नाहीत, त्यांना पाण्यावर यायला सवड कमी आहे.' असले वाक्य मी आयुष्यात कधी रजिस्टरात लिहिले नव्हते.

पावसाळ्यापूर्वी हुकूम आला. मोळ्यांना अकरा ते तीन एवढीच वेळ, पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी, तोवर चौकी कायम. वनरक्षक ते सांगायला स्वतः आमच्या घरी आला, येताना तुळशीचे रोप घेऊन.

भत्ता त्याच आठवड्यात मिळाला. दुधाचे चार आणे वनरक्षकाला दिले. तो घेत नव्हता, पत्नीने त्याच्या खिशात घातले. उरलेले सव्वादोन रुपये पत्नीला.