एकतीस डिसेंबरला कुणी जन्मलंच नाही

सिल्वेस्त्रे दुमालागानला सान रोकेच्या बाजारात सगळे नोंग बेस्त्रे म्हणत, म्हणजे बेस्त्रेदादा. घरात बायकोपुढे त्याचा आवाज फुटायचा नाही, पण रोज सकाळी सहा वाजता बाजाराचा भोंगा हातात आला की बघायचं काम नाही! "आज जन्मलेले थोर लोक आणि आज घडलेल्या गोष्टी," असं म्हणत तो वही उघडायचा आणि मासे उतरवणारे हात थबकायचे.

थोर कोण, हे ठरवायचा नियमही त्याचाच. गावात दुसऱ्या कुणी केलं नाही असं एक तरी काम केलेलं पाहिजे. त्यामुळे आमदार कधी वहीत आला नाही, पण एका बैठकीत त्रेचाळीस अंडी खाणारा खाटीक आला. मिरवणुकीत बिशपच्या पायावर म्हैस उभी करणारी नांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताईही आली. आता गंमत अशी, की ज्याचं नाव वाचलं त्याच्या दारात दुपारी अर्धा गाव ताटं घेऊन हजर. वाढदिवस ज्याचा, जेवण त्याचं. लांब शेवयांचं पान्सित रांधायचं, म्हणजे आयुष्यही लांबतं. काही जण तर हात जोडायचे, "नोंग, या वर्षी मला थोर करू नका हो!"

बेस्त्रेचा स्वतःचा जन्म एकतीस डिसेंबरचा. कॅलेंडरात त्या दिवशी संत सिल्वेस्त्रे, म्हणून हे नाव. पण आपलीच आरती आपण कशी ओवाळायची? कुणीतरी भोंगा हिसकावून आपलं नाव घेईल म्हणून, भोंगा हाती आल्यापासूनची एकतीस वर्षं तो वाट बघत होता. मेलं कुणी घेईल तर शपथ! आदल्या दिवशी राष्ट्रवीराचा रिझाल दिन, दुसऱ्या दिवशी नवं वर्ष, आणि मधल्या मध्ये याचं सँडविच.

या वर्षी सत्तरी. आता नाही तर कधीच नाही. एकतीसच्या सकाळी तो गळ्याला टॉवेल गुंडाळून बाजारात आला, घसा बसल्याची खूण केली आणि वही आणि भोंगा सुकटवाल्या तोर्याच्या हातात दिला. थोर लोकांची जागा त्याने मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिथे बोट ठेवून मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"छातीत दुखतंय?" तोर्या म्हणाली. "डॉक्टरकडे जा की!"

आणि भोंग्यात ओरडली, "आज जन्मलेले थोर लोक... रिकामंच आहे बाई. कुणी नाही!" पुढे वाचलं, "अठराशे चव्वेचाळीस साली तारखा शेजारच्या देशांशी जुळवायला गव्हर्नरने तीस डिसेंबरनंतर थेट एक जानेवारी केली. त्या वर्षी आपल्याकडे एकतीस डिसेंबर उजाडलाच नाही... अगं बाई, दिवसच नाही तर जन्मणार कोण, कपाळ?"

सगळा बाजार खदाखदा हसला. बेस्त्रेचं डोकं तडकलं. त्याने भोंगा खेचला.

"मी! मी जन्मलोय! सत्तर वर्षं झाली, आंधळ्यांनो!"

तोर्याने कमरेवर हात ठेवले. "घसा बसला होता ना? ऐकलंत रे? आज स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! संत सिल्वेस्त्रेचा दिवस आम्हालाही ठाऊक आहे. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दारात पहिलं ताट यांचं. आम्हाला वाटायचं, जेवायला घालावं लागेल म्हणून नाव गिळतोय हा कवडीचुंबक! चला, ताटं काढा!"

बेस्त्रे गारठला. आपल्याला कुणी थोर मानत नाही म्हणून तो इतकी वर्षं कुढत होता, आणि गाव त्याला चिक्कू समजत होतं! तो घराकडे धावत सुटला.

"काँचिंग, मेलो! सगळा बाजार जेवायला येतोय!"

त्याची बायको काँचिंग अंगणात मोठ्या कढईत पान्सित परतत होती. "येऊ दे."

"अगं, पण हे नव्या वर्षाचं ना?"

"नव्या वर्षाची बारा फळं, महिन्याला एक, टेबलावर आहेत. हे तुझं. एकतीस वर्षं हे तुझंच आहे."

"मग आपण तीन-तीन दिवस तेच का खात बसायचो?"

"लोक यायचे नाहीत म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"भोंग्यात सगळ्या गावाचं सांगतोस. घरात कधी विचारलंस, हे कशाचं गं?"

बेस्त्रेने पळी घेतली आणि फाटकातून आत येणाऱ्या तोर्याचं ताट पहिलं भरलं. कढई दुपारी एकच्या आत चाटूनपुसून साफ झाली.

एक जानेवारीला त्याने वही उघडली, तर आदल्या दिवसाच्या रिकाम्या जागेत सुकटीचा वास मारणारं अक्षर होतं. 'सिल्वेस्त्रे दुमालागान. स्वतःचा वाढदिवस भोंग्यात बोंबलून सांगितला. गावात दुसऱ्या कुणी केलं नाही.' त्याने ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि खाली लिहिलं, 'काँचिंग दुमालागान. जन्म ऑगस्टचा. तरी आजच वाचावं. एकतीस कढया.' मग भोंगा तोंडाला लावला, पण कालच्या ओरडण्याने घसा खरंच बसला होता. तोर्यालाच वाचावं लागलं.