माणिक का तामडा

बायको गेली, तिच्या नथीतून निसटलेला लाल खडा मागं राहिला. ती त्याला माणिक म्हणायची, मी स्वस्तातला तामडा. जन्माचं भांडण मिटवायला मी बारामतीच्या बाजारात एका खडेवाल्याकडं गेलो. त्यानं पान थुंकून चूळ भरली.

"माणिक जिभंला जास्त गार लागतं, आबा," म्हणत त्यानं आमचा खडा आणि स्वतःच्या डबीतला एक, दोन्ही जिभेवर ठेवले. तेवढ्यात त्याला शिंक आली. दोन्ही खडे फडक्यावर पडले. उन्हात धरले तर एक निखाऱ्यागत पेटला, दुसरा जांभळागत काळपट.

"एक माणिक, एक तामडा. पक्कं."

"ह्यातला तुझा कुठला?"

"म्या समदेच माणिक म्हणून इकतो, आबा. दोन्ही न्या."

ती असती तर तिनं आपला लगेच ओळखला असता, आणि दुसराही ठेवून घेतला असता.