खिडकीपाशीची जागा

भुकूमच्या आमच्या मशिदीत तो कायम खिडकीपाशीच उभा राहतो. तिथून त्याची नवी गाडी दिसते. नमाज संपताना आम्ही दोन्हीकडे मान वळवून सलाम फेरतो, तेव्हा याची मान खिडकीकडेच रेंगाळते. सजद्यात माथा नेमका कुणापुढं टेकतो, अल्लालाच ठाऊक!

परवाच्या जुम्म्याला गाडीचा सायरन वाजला आणि हा नमाज अर्धवट सोडून पळाला. संपल्यावर आम्ही बाहेर आलो, तर चक्कर आलेले म्हातारे चाचा काठी धरून चाकापाशी बसलेले, आणि हा रुमालानं बोनेटवरचा त्यांच्या हाताचा डाग पुसतोय.

"चाचा, टेकायला माझीच गाडी गावली व्हय?"

मी चाचांना उठवू लागलो. तो लगबगीनं पुढं आला. वाटलं, हात देईल.

"जपून," तो म्हणाला, "काठी दाराला घासंल."