हलकं घड्याळ

लग्न ठरल्यावर त्याने मला सहज सांगितलं होतं, की स्टीलचं घड्याळ घातलं की त्याच्या मनगटावर पुरळ उठतं. मी ते घरी बोलले आणि बाबांनी मनावर घेतलं. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपली की ते दुकानं पालथी घालायचे. शेवटी टायटॅनियमचं मिळालं, त्याने पुरळ उठत नाही. करडं, पातळ, निळे काटे, चकचकाट अजिबात नाही. इतकी देखणी वस्तू रहाटणीच्या आमच्या घरात कधी आली नव्हती.

साखरपुडा सांगवीच्या एका लॉन्सवर झाला. त्याच्या घराण्यात जावयाला दिलेली वस्तू आधी थोरामोठ्यांच्या मानाच्या रांगेतून फिरते. रांगेत पहिले त्याचे मामा, गावचे जुने जमीनवाले. त्यांनी घड्याळ तळहातावर घेतलं आणि कांदे तोलावेत तसं खालीवर केलं.

"लयच हलकं हाय राव. पत्र्याचं दिसतंय."

रांग हसली. मग प्रत्येकानेच ते तोलून पाहिलं. काचेवर पेढ्याची तुपकट बोटं उमटली. बाबा समोर हात जोडून उभे होते. टायटॅनियम हलकंच असतं हे माझ्या शेजारी बसलेल्या त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. मी त्याच्याकडे बघत राहिले, तो मामांकडे बघून हसला. मामांनी आपलं जाडजूड, सोनेरी मुलाम्याचं स्टीलचं घड्याळ घामासकट त्याच्या हातात चढवलं. जेवणं होईपर्यंत मनगट लालभडक झालं, तरी हा खाजवतोय आणि हसतोय. मला शिसारी आली.

तरी लग्न झालं. आता तो दुचाकीवरून हिंजवडीला जातो तेव्हा रोज बाबांचंच घड्याळ घालतो, ऑफिसात मिरवतोही. फक्त मामा येणार असले की ते काढून खिशात टाकतो. त्या खिशाची मला किळस येते.

परवा मुलीच्या बारशाला मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रं, सासऱ्याचं ते पत्र्याचं घड्याळ टाकलं का न्हाई?"

"कधीच टाकलं, मामा."

बाबा शेजारीच चहा घेत होते. त्यांनी त्याच्या रापलेल्या मनगटावरचा गोरा पट्टा पाहिला, मग खिशाचा फुगवटा पाहिला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"बरं केलंत, जावईबापू," ते म्हणाले.