तारीख बरोबर, तिथी चुकली

“साहेब, जळगावचे मास्तर वडिलांच्या श्राद्धाला आलेत, आणि तिथी होऊन अकरा दिवस झाले!” पंचवटीतले गुरुजी फोनवर ओरडत होते.

मी लॅपटॉप उघडला. “गुरुजी, मेसेज तर बरोबर तारखेला गेलाय.”

“तारखेला गेला हो! श्राद्ध तारखेने करतात का?”

गुरुजींची वेबसाइट मीच बनवलेली. होस्टिंग म्हणजे वेबसाइटसाठी भाड्याने घेतलेली जागा. तिथे क्रॉन जॉब नावाची सोय असते. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने भरले की ठरलेलं काम ठरल्या वेळी आपोआप होतं. मी गेल्या वर्षीच्या तारखा बघून चाळीस यजमानांचे चाळीस क्रॉन लावले होते. आठ दिवस आधी आठवण, दरवर्षी. आणि गुरुजींना म्हणालो होतो, “आता ती तिथींची वही बघूच नका.” त्यांनी ऐकलं, हीच पंचाईत.

फोन मास्तरांनी घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. “चोवीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं,” एवढंच म्हणाले.

बायको शेजारीच भाजी निवडत होती. “अहो, आईंचं श्राद्ध आपण दरवर्षी वेगळ्या तारखेला करतो. पाटावर तुम्हीच बसता ना?”

बसतो. वेबसाइटच्या कामातल्या बावीस वर्षांच्या अनुभवात ते कुठे बसवायचं, हे मात्र सुचलं नव्हतं.

गुरुजींनी मार्ग काढला. राहून गेलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं, ती दोनच दिवसांवर होती. मास्तर आणि त्यांच्या पत्नी दोन दिवस नाशिक रोडला आमच्याकडे राहिले. ही बायकोची आज्ञा. श्राद्ध नीट झालं.

मधल्या वेळात मी चाळीसही क्रॉन काढून टाकले. आता एकच आहे, रोज सकाळी सहाला चालणारा. गुरुजी पंचांग बघून वर्षभराच्या तिथींचा तक्ता भरतात, क्रॉन तो रोज तपासतो आणि आठ दिवसांवर कोणाची तिथी असेल त्याला मेसेज पाठवतो. ज्यांच्या तिथी तोंडावर होत्या त्या तिघांना मात्र गुरुजींनी स्वतः फोन केले. माझ्यावर सोडलं नाही.

निघताना मास्तर म्हणाले, “मेसेज पाठवत राहा. आता मी पंचांगही बघत जाईन.”

नवीन सिस्टिम सुरू करून देताना क्लायंटला मीही हल्ली सांगतो, “जुनी वहीही बघत जा.”