तीन बर्थची बोट

आमच्या वडिलांनी शिडाची बोट बांधायला घेतली ती जयपुरात. हो, जयपुरात! जन्म रत्नागिरीकडचा, नोकरी केंद्र सरकारची, बदली होऊन दुर्गापुऱ्याच्या वाळूत येऊन पडलेले. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. घरामागे वीस फुटी सांगाडा उभा राहिला आणि शेजारी विचारू लागले, "बाबूजी, बाढ़ आने वाली है क्या?"

"लाकूड कुजतं, फायबरग्लास कुजत नाही," हे ते दूधवाल्या भैयालासुद्धा ऐकवत. आराखडा कुठल्याशा परदेशी मासिकातला. खाली लांब कणा, त्यात शिसं भरायचं, म्हणजे वारा कितीही झोंबला तरी बोट उलटायची नाही. मुंबईहून काचेच्या धाग्यांच्या चटया येत. त्या चिकट रसायनात भिजवून साच्यावर एकावर एक थापायच्या. जयपूरच्या उन्हात ते रसायन डब्यातच दगड व्हायचं, आणि शिव्या मात्र आम्हाला.

वाळलेला थर घासला की काचेची पूड त्यांच्या कपड्यांत बसे. ते कपडे आई हातानं धुवायची. चार वर्षं तिच्या मनगटांवर पुरळ होतं. "जरा वेगळे भिजव की," एवढंच ते म्हणत. वेगळे भिजवले तरी हात तिचेच ना!

निवृत्तीनंतर बोट रेल्वेनं न्यायची आणि रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचं, असं ठरलं होतं. आई नागपूरची, समुद्र तिनं पाहिलाच नव्हता. तरी त्या प्रवासासाठी तिनं दोन सुती साड्या ट्रंकेत बाजूला ठेवल्या होत्या. मला ते माहीत होतं.

मग आत झोपायचे बर्थ करायची वेळ आली. वडिलांनी मला आणि भावाला जमिनीवर आडवं करून टेपनं मोजलं, स्वतःचं माप घेतलं, आणि तीन फळ्या कापल्या. आई पदराला हात पुसत आली. "आणि माझा?"

उत्तर मी दिलं. तेरा वर्षांची, बापाची लाडकी, आणि जिभेला हाड नाही. "तुला कशाला? तू स्टोपाशीच असणार ना!"

वडील खो खो हसले. स्टो त्यांनी खरंच फार छान टांगला होता. बोट कितीही कलली तरी त्यावरचं दूध सांडणार नव्हतं. आईही थोडी हसली, म्हणून मला वाटलं, विषय संपला.

मे महिन्यात एका दुपारी तिनं विहिरीच्या मोटरचा पाइप बोटीत सोडला. वर छप्पर अजून बसलं नव्हतं. संध्याकाळी वडील ऑफिसातून आले तेव्हा पाणी काठापर्यंत आलं होतं, स्टो बुडालेला, तिन्ही फळ्या फुगून उचकटलेल्या. आई शेजारीच उभी होती, हाताची घडी घालून. माझी तर पाचावर धारण बसली.

वडील सायकल टाकून बोटीखाली शिरले. कण्यावरून तळहात फिरवत पार मागच्या सुकाणूपर्यंत गेले. बाहेर आले ते लहान मुलासारखे नाचत.

"अगं, एक थेंब गळला नाही! बरं केलंस, मला हे सुचलंच नव्हतं! फळ्यांचं काय, परत करू. चहा टाक."

आई आत गेली आणि चहा टाकला.

पुढच्या महिन्यात नव्या फळ्या आल्या. तेवढ्यात मी इंचभर वाढले होते, म्हणून वडिलांनी मला पुन्हा आडवं करून मोजलं. बर्थ या वेळीही तीनच. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी आईला बोलावलं होतं.