शिवणीच्या आतलं कापड

गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक उभा आरसा आणि आतल्या दाराशी काजं-बटणं करत बसलेली बायको. मास्तरांचा हात नेमका आणि तोंड सैल. माप घेताना गिऱ्हाइकाशी ते हवापाण्यापासून जावयापर्यंत काहीही बोलत.

आतड्याच्या कर्करोगावर मास्तरांची केमो सुरू झाली आणि प्रत्येक घास गंजक्या टाचणीसारखा लागू लागला. तोंडात टाचण्या धरण्यात जन्म गेलेला, म्हणून चव ओळखीची होती, एवढंच. तिसऱ्या डोसानंतर डॉक्टर म्हणाले, "वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल."

बायकोने ते फार मनावर घेतलं. ताट वाढून ती समोर बसे, हनुवटीला हात लावून, आणि घास पोटात जातोय की नाही ते पाही. मास्तर दोन घास खात आणि तिसरा गालात धरून ठेवत.

"गिळा हो."

"गिळतोय."

"सूप गार झालं."

"मीही झालोय."

तिला हसू येत नसे. ती पाणी आणायला उठली की उरलेलं अन्न वाटीखाली सरके.

पँट कमरेवरून ढळू लागली तेव्हा मास्तरांनी बायको बाजारात गेल्याची संधी साधली. दोन्ही बाजूंनी टीप मारून पँट आत घेतली, वर इस्त्री फिरवली. मग शर्टही घेतले. आरशात माणूस होता तसाच दिसत होता. पण जिने आयुष्यभर त्यांच्या कपड्यांची तुरपाई केली तिच्यापासून शिवण लपवायची, म्हणजे मांजरीपासून दूध लपवायचं. धुताना तिने पँट उलटी केली आणि तशीच ओली घेऊन पुढे आली.

"हे काय?"

"जरा फिटिंग केलं."

"पुढच्या आठवड्यात वजन आहे. काट्यालाही अशीच टीप मारणार का?"

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "एक सांगू? रागावू नकोस."

"रागावलेच आहे. सांगा."

"गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावून मी टक लावून बघत बसलो, तर तो श्वास धरतो, पोट आत ओढतो. माप चुकतं. तू समोर बसतेस ना, तेव्हा माझं तसंच होतं. घास पुढे सरकत नाही."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही गं. तुझ्या बघण्यामुळे."

"मग मी बघू तरी कुठे?"

"मी कुठे बघतो माप घेताना?"

ती ओली पँट पिळत आत गेली. पण संध्याकाळी ती बटणांचा डबा घेऊन जेवायच्या टेबलाशी आली आणि समोर न बसता शेजारी बसली. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या, असं सांगितलं होतं. धातूची चव लागत असेल तर लाकडी चमचा वापरून बघा, असंही. तिने लहान बशीत कुस्करलेलं अंडं ठेवलं, लाकडी चमचा ठेवला आणि सुईत दोरा ओवत म्हणाली, "तो कोटवाला आला होता. यंदाही म्हणतो, कापडच आटलं."

"दर वर्षी त्याचंच कापड बरं आटतं!"

"मी म्हटलं, पोटावर ऊन फार पडत असेल."

मास्तर हसले. हसता हसता चमचा दोनदा तोंडात गेला. बशी रिकामी झालेली तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली, तेव्हा सुई बोटाला टोचली. ती हूं की चूं न करता पुढचं बटण लावू लागली.

रोजच असं जमलं असं नाही. एक दिवस सगळं उलटून पडलं, एक दिवस नुसत्या दुधावर गेला. पण गप्पा बटणांबरोबर चालू राहिल्या. वजनाच्या दिवशी काटा वर गेला नाही, पण खालीही उतरला नाही. डोस ठरल्याप्रमाणे मिळाला.

घरी परतल्यावर तिने विचारलं, "उसवू का ती टीप?"

"घाई नको. आतलं कापड काही कापलेलं नाही मी, अंग भरलं की सैल करता येईल."

"ते बघितलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर नुसती रागावले. कापलं असतंत तर रडले असते."